वाचकांचे प्रश्न : ‘आय कन्कर’ कोणी लिहावे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे ‘कन्कर’ म्हणजे सहमत असणे या एकाच इंग्रजी क्रियापदाविषयी आहेत. विचारणाऱ्यांचे व्यवसाय वेगळे असले तरी शंका एकमेकींना जोडलेल्या आहेत, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत.

प्रश्न : मी पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करतो. आमच्या दिल्ली कार्यालयातील वरिष्ठ अधिकारी ई-मेलच्या उत्तरात अनेकदा फक्त ‘आय कन्कर’ एवढेच लिहितात. ते पाहून आमचे तरुण सहकारीही आता प्रत्येक मेलला तसेच उत्तर देऊ लागले आहेत. मी मराठी माध्यमात शिकलो आणि आम्हाला शाळेत ‘ॲग्री’ हाच शब्द शिकवला गेला. दोन्हींचा अर्थ एकच असेल, तर ‘ॲग्री’ लिहिणाऱ्याचे इंग्रजी कच्चे समजायचे का? आणि फरक असेल, तर तो कोणता? — एक वाचक, पिंपरी

उत्तर : ‘ॲग्री’ लिहिणाऱ्याचे इंग्रजी कच्चे मुळीच नसते. इंग्लंडच्या अपील न्यायालयाची निकालपत्रे उघडून पाहिली, तर एका न्यायमूर्तींच्या सविस्तर निकालानंतर दुसऱ्या न्यायमूर्तींच्या नावाखाली बहुतेक वेळा ‘आय ॲग्री’ असे दोनच शब्द छापलेले आढळतात. कायद्याची भाषा जिथे सर्वांत काटेकोरपणे वापरली जाते, तिथे जो शब्द चालतो, तो कार्यालयीन पत्रव्यवहारात कमी दर्जाचा ठरण्याचे कारण नाही. मात्र या दोन क्रियापदांत फरक आहे. आपले सहकारी हा फरक लक्षात न घेता ‘कन्कर’ वापरत असतील, तर ते नकळत त्यांच्या मनात नसलेले काहीतरी लिहून बसत आहेत.

‘कन्कर’ हा शब्द लॅटिनमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘एकत्र धावणे’ असा आहे. मूळ अर्थाची खूण आजही पुसलेली नाही. एकाच वेळी भोगायच्या शिक्षांना इंग्रजीत ‘कन्करंट’ म्हणतात, आणि राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील ज्या सूचीवर केंद्र व राज्ये या दोघांनाही कायदे करता येतात, त्या समवर्ती सूचीचे इंग्रजी नावही ‘कन्करंट लिस्ट’ असेच आहे. या प्रत्येक ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी आपापल्या पायांवर चालत असतात आणि त्यांची दिशा एक असते. मताच्या बाबतीतही तेच आहे. ‘मी कन्कर करतो’ याचा पूर्ण अर्थ असा होतो की, या प्रश्नाचा विचार मी स्वतंत्रपणे केला, मला वेगळे मत देण्याचा अधिकार होता, आणि तरीही माझे मत तुमच्या मताशी येऊन मिळाले.

आपल्याच विभागातले उदाहरण घेऊ. एका सुट्या भागासाठी तीन व्हेंडरांकडून कोटेशन आली. खरेदी विभागाने तुलनात्मक तक्ता तयार केला आणि सर्वांत कमी दर देणाऱ्याला वगळून दुसऱ्या क्रमांकाच्या व्हेंडरची शिफारस केली, कारण पहिल्याच्या मालात रिजेक्शनचे प्रमाण जास्त होते. ही टिप्पणी गुणवत्ता विभागाकडे गेली. तेथील अधिकाऱ्याने आपल्या विभागाकडील तपासणीच्या नोंदी काढून पाहिल्या, रिजेक्शनचे कारण मापातील चूक होती की कच्च्या मालातील दोष हे तपासले, आणि मग ‘वुई कन्कर विथ द रेकमेंडेशन’ असे लिहिले. येथे हे क्रियापद अगदी चपखल बसते. त्या अधिकाऱ्याने स्वतःच्या नोंदींवरून स्वतःचा निष्कर्ष काढला, आणि उद्या तो माल पुन्हा खराब निघाला तर शिफारशीची जबाबदारी त्याच्यावरही येणार आहे. ही जबाबदारी ‘कन्कर’ या शब्दात सामावलेली आहे, आणि तीच आपल्या तरुण सहकाऱ्यांच्या लक्षात आणून द्यायला हवी.

याउलट, ‘बैठक तीनऐवजी चार वाजता होईल’ या निरोपाला ‘आय कन्कर’ असे उत्तर देणे विजोड आहे, कारण तिथे कोणी मत विचारलेलेच नाही. ‘नोटेड’ किंवा ‘चारची वेळ मला सोयीची आहे’ एवढे पुरते. वरिष्ठांनी ‘शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवा’ असे सांगितल्यावर ‘आय कन्कर’ लिहिणे तर सरळ उद्धटपणाचे वाटू शकते, कारण त्यातून ‘आपल्या आदेशाची मी छाननी केली आणि तो मला योग्य वाटला’ असा सूर निघतो. दिल्लीच्या अधिकाऱ्यांना तो शब्द शोभतो, कारण प्रस्ताव त्यांच्याकडे मत देण्यासाठीच गेलेला असतो.

मराठीतील एक भेद येथे फार उपयोगी पडतो. ‘तुमचे म्हणणे मला पटले’ असे आपण म्हणतो, तेव्हा आधी आपले मत वेगळे होते किंवा बनलेले नव्हते, आणि समोरच्याच्या युक्तिवादाने ते बनले, हे त्या वाक्यातून आपोआप कळते. ‘माझेही हेच मत आहे’ या वाक्यात मात्र आपण आधीच त्या ठिकाणी पोचलेलो असतो. ‘कन्कर’ हे या दुसऱ्या वाक्याच्या जवळचे आहे. ‘ॲग्री’ दोन्हींसाठी चालते, आणि म्हणूनच रोजच्या वापरात ते अधिक सोयीचे आहे. पटवून घेतल्यानंतर ‘कन्कर’ लिहिले, तर समोरच्याने घेतलेल्या मेहनतीचे श्रेय आपण नाकारल्यासारखे होते. अशा वेळी ‘आपण मांडलेल्या मुद्द्यांनंतर मी सहमत आहे’ या अर्थाचे साधे वाक्य अधिक प्रामाणिक ठरते.

सरकारी कामकाजात हा शब्द कसा वापरला जातो, ते महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांत पाहायला मिळते. खर्चाची बाब असलेल्या शासन निर्णयाच्या अखेरीस ‘हा शासन निर्णय वित्त विभागाच्या सहमतीने, त्या विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांक अमुक अन्वये निर्गमित करण्यात येत आहे’ अशा धाटणीचे वाक्य असते. केंद्र सरकारच्या इंग्रजी आदेशांत त्या ‘सहमती’च्या जागी ‘कन्करन्स’ हे नाम येते. प्रशासकीय विभागाने प्रस्ताव तयार केला, नस्ती (फाइल) वित्त विभागाकडे गेली, त्या विभागाने आपल्या दृष्टीने खर्चाची तपासणी केली. त्याला शंका काढता आल्या असत्या, नकार देता आला असता. तो त्याने दिला नाही. एवढा सगळा प्रवास त्या एका वाक्यात नोंदलेला असतो, आणि म्हणूनच त्या वाक्यात संदर्भ क्रमांक असतो. ज्या सहमतीला क्रमांक आणि दिनांक लागतो, ती सहमती शिष्टाचारापुरती नसते.

व्याकरणाचे दोन-तीन मुद्दे सांगून पुढे जाऊ. व्यक्तीशी किंवा तिच्या मताशी सहमती असेल तर ‘विथ’ लागते. निर्णयात सहभागी असल्याचे सांगायचे असेल तर ‘इन’ लागते. आणि पूर्ण विधान पुढे येत असेल तर ‘दॅट’ येते. ‘आय कन्कर यू’ किंवा ‘आय कन्कर युवर व्ह्यू’ असे थेट कर्म जोडून लिहिता येत नाही. भूतकाळी रूप लिहिताना ‘आर’ हे अक्षर दुहेरी होते. उच्चाराकडेही लक्ष द्यावे. या क्रियापदात जोर दुसऱ्या अक्षरावर असतो : कन्-कऽर. आपल्याकडे अनेक जण पहिल्या अक्षरावर जोर देऊन ‘कॉन्कर’ म्हणतात, आणि तो उच्चार ‘जिंकणे’ या अर्थाच्या वेगळ्याच क्रियापदाचा आहे. त्यामुळे वरिष्ठांशी फोनवर बोलताना ‘आय कॉन्कर’ म्हणणारा माणूस सहमतीऐवजी विजयाची घोषणा करतो, आणि ऐकणारा क्षणभर गोंधळतो.

याच कुटुंबातील आणखी काही क्रियापदे कार्यालयात भेटतात. ‘ॲसेंट’ म्हणजे अधिकारपदावरून दिलेली अनुमती. संसदेने संमत केलेल्या विधेयकाला राष्ट्रपती अनुच्छेद 111 अन्वये जी देतात ती हीच, आणि विधिमंडळाच्या विधेयकांबाबत राज्यपालांची अनुमती अनुच्छेद 200 मध्ये आहे. ‘अक्सीड’ हे बहुधा नकाराच्या पत्रात दिसते : ‘आपली विनंती मान्य करता येत नाही’ या वाक्याचे रूढ इंग्रजी रूप त्याच क्रियापदाने बनते. ‘कन्सेंट’ म्हणजे संमती; भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 13 नुसार दोन किंवा अधिक व्यक्ती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने कबूल होतात, तेव्हा त्यांची संमती झाली असे म्हणतात.

‘ॲक्विएस’ या क्रियापदाबाबत मात्र जरा सावध राहावे. मनात नसताना, विरोध न करता, गप्प राहून एखादी गोष्ट चालू देणे हा त्याचा अर्थ आहे, आणि हे गप्प राहणे कायद्यात महागात पडू शकते. व्यापारचिन्ह कायदा, 1999 च्या कलम 33 प्रमाणे, आधीच्या चिन्हाच्या मालकाने दुसऱ्याचे नोंदणीकृत चिन्ह वापरात असल्याचे माहीत असूनही सलग 5 वर्षे ते चालू दिले, तर केवळ आपले चिन्ह आधीचे आहे या कारणाने त्याला सामान्यतः दुसऱ्याची नोंदणी रद्द करून मागता येत नाही किंवा वापराला विरोध करता येत नाही. दुसऱ्याने नोंदणी अप्रामाणिकपणे मागितली असेल, तर गोष्ट वेगळी. कन्कर करणारा बोलून बांधला जातो, तर ॲक्विएस करणारा न बोलल्यामुळे. बैठकीत एखादा प्रस्ताव मान्य नसेल, तर ‘कन्कर’ लिहू नये हे जितके खरे, तितकेच गप्पही राहू नये हेही खरे.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत इंग्रजी शिकवते. मुले हटकून ‘आय ॲम ॲग्री’ असे म्हणतात. कितीही वेळा सांगितले तरी ही चूक जात नाही. त्यांना ‘कन्कर’ शिकवले तर ती टळेल का? — एक शिक्षिका

उत्तर : टळणार नाही, ‘आय ॲम कन्कर’ अशी नवी चूक सुरू होईल. चुकीचे मूळ इंग्रजीत नसून ‘मी सहमत आहे’ या मराठी वाक्यात आहे. मराठीत ‘सहमत’ हे विशेषण आहे आणि त्याला ‘आहे’ची जोड लागते, मुले त्या ‘आहे’साठी इंग्रजीत ‘ॲम’ शोधतात. इंग्रजीत ‘ॲग्री’ हे स्वतःच क्रियापद असल्याने ते जोड मागत नाही. म्हणून मुलांना मराठीतील ‘मला पटते’ हे वाक्य आधी द्यावे, कारण त्यातही क्रियापद एकटेच उभे असते आणि ‘आहे’ येत नाही. ‘मला पटते’ म्हणजे ‘आय ॲग्री’, ‘मला पटत नाही’ म्हणजे ‘आय डोन्ट ॲग्री’, ‘मला पटले’ म्हणजे ‘आय ॲग्रीड’, अशा जोड्या तोंडी करून घेतल्या, तर ‘ॲम’ची सवय सुटायला मदत होईल. ‘कन्कर’ शालेय वयात शिकवण्याची घाई करू नये.

प्रश्न : मी नागपूरला कायद्याचे शिक्षण घेत आहे. निकाल एकच असताना काही न्यायमूर्ती वेगळे ‘कन्करिंग’ निकालपत्र का लिहितात? विरोधी निकालपत्राचे महत्त्व आम्हाला वर्गात सांगितले जाते, पण सहमतीच्या निकालपत्राला किंमत काय? — एक विद्यार्थिनी

उत्तर : आपल्या प्रश्नाची सुरुवात राज्यघटनेतूनच करता येते. अनुच्छेद 145 च्या खंड 5 मध्ये म्हटले आहे की, सुनावणीला उपस्थित असलेल्या न्यायाधीशांपैकी बहुसंख्यांच्या सहमतीशिवाय सर्वोच्च न्यायालय निकाल देऊ शकत नाही. मात्र जो न्यायाधीश सहमत नसेल, त्याला आपले विरोधी मत देण्यापासून कोणी रोखू शकत नाही. इंग्रजी पाठात सहमतीसाठी नाम आहे ‘कन्करन्स’ आणि क्रियापद आहे ‘कन्कर’. म्हणजे आपल्या देशातील सर्वोच्च निकाल ज्या क्रियेने सिद्ध होतो, ती क्रिया हीच आहे.

आता वेगळे का लिहायचे? कारण निष्कर्षावर सहमती असणे आणि कारणांवर सहमती असणे या दोन गोष्टी आहेत, आणि पुढच्या खटल्यांना मार्गदर्शन कारणांतून मिळते. अमेरिकेतील सर्वोच्च न्यायालयात तर ‘केवळ निकालाशी सहमत’ अशी स्वतंत्र नोंद करण्याची रीतच आहे. त्याचा अर्थ असा की, जिंकला पाहिजे तो पक्ष मला मान्य आहे, पण सहकाऱ्यांनी दिलेली कारणे मला मान्य नाहीत.

सहमतीच्या निकालपत्राला किती मोठी किंमत असू शकते, याचा एक दाखला तिथलाच आहे. कोरियन युद्धाच्या काळात, 1952 च्या एप्रिलमध्ये, पोलाद कामगारांचा संप तोंडावर आला असताना अध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद कारखाने सरकारी ताब्यात घेण्याचा आदेश काढला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो 6 विरुद्ध 3 मतांनी बेकायदा ठरवला. न्यायालयाचे मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिले. पण त्याच बाजूने मत देणारे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी वेगळे लिहून, अध्यक्षांचा अधिकार कधी सर्वाधिक असतो, कधी संदिग्ध असतो आणि कधी सर्वांत क्षीण असतो, याची तीन पायऱ्यांची मांडणी केली. कायदेमंडळाच्या अनुमतीने अध्यक्ष वागत असेल तर पहिली पायरी, कायदेमंडळ गप्प असेल तर दुसरी, आणि कायदेमंडळाच्या इच्छेविरुद्ध वागत असेल तर तिसरी. पुढच्या काळात अध्यक्षीय अधिकारांचा प्रश्न उभा राहिला, की न्यायालये आणि अभ्यासक मुख्य निकालपत्रापेक्षा जॅक्सन यांच्या या मांडणीकडेच अधिक वळत आले आहेत.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण खासगीपणाच्या हक्काच्या निकालाचे. 24 ऑगस्ट 2017 रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, 9 न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे ठरवले. निकाल एक, पण निकालपत्रे 6 : न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी स्वतःसह चौघांसाठी लिहिले, आणि चेलमेश्वर, बोबडे, नरिमन, सप्रे व कौल या पाच न्यायमूर्तींनी स्वतंत्रपणे लिहिले. प्रत्येकाने त्या हक्काकडे पोचण्याची आपली वाट दाखवली. आपण विद्यार्थिनी आहात, तर या सहांपैकी किमान दोन निकालपत्रे शेजारी ठेवून वाचावीत, आणि त्यातले एक आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे यांचे असावे. समान निष्कर्षाकडे जाणारे दोन युक्तिवाद कुठे जवळ येतात आणि कुठे लांब जातात, हे शोधणे हा कायद्याच्या अभ्यासातील सर्वांत चांगला व्यायाम आहे असे आम्हाला मनापासून वाटते.

त्याच निकालाला आणखी एक पदर आहे. 28 एप्रिल 1976 रोजी, आणीबाणीच्या काळात, एडीएम जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 4 विरुद्ध 1 मतांनी ठरवले होते की, राष्ट्रपतींच्या आदेशाने मूलभूत हक्कांची अंमलबजावणी स्थगित असताना स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचा विरोध सर्वांच्या लक्षात राहिला आहे. परंतु उरलेल्या चौघांनी, म्हणजे सरन्यायाधीश रे, आणि बेग, यशवंत चंद्रचूड व भगवती या न्यायमूर्तींनी, प्रत्येकी वेगळे निकालपत्र लिहून आपली सहमती नोंदवली होती, हे फारसे बोलले जात नाही. पुढे भगवती यांनी त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. आणि 2017 मध्ये तो निकाल चुकीचा होता असे स्पष्ट लिहून तो रद्दबातल ठरवणारे निकालपत्र यशवंत चंद्रचूड यांच्या मुलाने, धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. विरोधी मताला धैर्य लागते असे आपण नेहमी ऐकतो. सहमतीलाही तेवढीच जोखीम असते, कारण ती नावानिशी कायम राहते आणि चार दशकांनंतरही तिची फेरतपासणी होते. म्हणून सहमतीच्या निकालपत्राची किंमत विरोधी निकालपत्रापेक्षा कमी धरू नये.

स्वतंत्र निकालपत्रांची अडचणही सांगायला हवी. 24 एप्रिल 1973 च्या केशवानंद भारती निकालात 13 न्यायमूर्तींनी 11 निकालपत्रे लिहिली आणि निकाल 7 विरुद्ध 6 असा लागला. नेमके कोणत्या मुद्द्यांवर बहुमत जुळले आहे, हे सांगण्यासाठी एक संक्षिप्त टिपण तयार करावे लागले, आणि त्यावर 13 पैकी 9 जणांनीच सह्या केल्या. घटनादुरुस्ती करतानाही संसदेला राज्यघटनेची मूलभूत चौकट बदलता येत नाही, हा सिद्धांत त्या निकालातून आला, पण तो निकालाच्या नेमक्या कोणत्या वाक्यात आहे यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाले.

प्रश्न : न्यायाधीशांच्या नेमणुकांच्या बातम्यांत ‘कन्सल्टेशन’ आणि ‘कन्करन्स’ हे दोन शब्द समोरासमोर येतात. विचारणे आणि मान्यता घेणे यांत एवढा काथ्याकूट करण्यासारखे काय आहे? — एक सेवानिवृत्त वाचक, कोल्हापूर

उत्तर : या दोन शब्दांमधल्या अंतरातच अंतिम अधिकार कोणाचा हे ठरते. अनुच्छेद 124 मध्ये न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांशी विचारविनिमय करून करावी असे म्हटले आहे. विचारविनिमय केला, तरी मत न मानण्याची मोकळीक राहते. सहमती आवश्यक केली, की जो सहमती देणार त्याच्या हाती नकाराधिकार जातो.

हा मुद्दा घटनाकारांच्या नजरेतून सुटलेला नव्हता. सरन्यायाधीशांची सहमती आवश्यक करावी अशा सूचना संविधान सभेत आल्या होत्या. 24 मे 1949 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना उत्तर दिले. सरन्यायाधीश हे अत्यंत योग्य व्यक्ती असतात हे मान्य करूनही, तेही आपल्यासारखेच उणिवा, भावना आणि पूर्वग्रह असलेले मनुष्य आहेत, आणि जो अधिकार आपण राष्ट्रपतींना किंवा तत्कालीन सरकारला निर्विवादपणे द्यायला तयार नाही, तो सरन्यायाधीशांना नकाराधिकाराच्या रूपाने देणे योग्य नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. घटनेत ‘विचारविनिमय’ राहिला तो असा समजून-उमजून.

पुढे 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारविनिमय म्हणजे सहमती नव्हे असाच अर्थ लावला. 1993 मध्ये 9 न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो बदलून सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य दिले, आणि 1998 मध्ये राष्ट्रपतींच्या विचारणेवर उत्तर देताना ते मत सरन्यायाधीश व 4 ज्येष्ठतम न्यायमूर्ती यांचे एकत्रित असावे असे स्पष्ट केले. आजची कॉलेजियम पद्धत ती हीच. ती योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात, परंतु 1949 साली बाबासाहेबांनी दाखवलेला भेद नीट न कळता तो वाद घालता येत नाही.

याच दोन शब्दांची दुसरी ठळक जोडी अनुच्छेद 370 मध्ये होती. सामीलनाम्यात, म्हणजे जम्मू-काश्मीर भारतात सामील होतानाच्या दस्तऐवजात, नमूद केलेल्या विषयांपुरते केंद्राला जम्मू-काश्मीर सरकारशी विचारविनिमय करणे पुरेसे होते. त्यापलीकडच्या विषयांसाठी राज्य सरकारची सहमती लागत होती. एकाच अनुच्छेदात दोन्ही शब्द जवळजवळ ठेवले होते, यावरून लिहिणाऱ्यांना त्यांतील फरक किती महत्त्वाचा वाटत होता हे दिसते.

प्रश्न : डोंबिवलीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेत अमराठी सभासद बरेच असल्याने सभेचे इतिवृत्त इंग्रजीतही लिहावे लागते. ‘सर्व सभासदांनी ठरावाला कन्कर केले’ असे लिहिले तर चालेल का? — एका संस्थेचे सचिव

उत्तर : तसे लिहू नये. सभेत ठराव मांडला जातो, त्याला अनुमोदन दिले जाते आणि मतदान होते. या तिन्ही गोष्टींना इंग्रजीत ठरलेले शब्द आहेत. मराठी इतिवृत्तात जिथे ‘सूचक’ व ‘अनुमोदक’ लिहिता, तिथे इंग्रजीत अनुक्रमे ‘प्रपोज्ड बाय’ व ‘सेकंडेड बाय’ लिहावे, आणि ‘सर्वानुमते मंजूर’ यासाठी ‘पास्ड युनॅनिमसली’ लिहावे. कोणी विरोध केला असेल, तर ‘बहुमताने’ असे लिहून बाजूच्या व विरोधी मतांची संख्या द्यावी, आणि विरोध करणाऱ्याने मागणी केल्यास त्याचे नावही नोंदवावे.

‘कन्कर’साठी आपल्या इतिवृत्तात एकच जागा संभवते. समजा, गच्चीच्या गळतीच्या कामासाठी संस्थेने वास्तुविशारदाचा अहवाल घेतला आणि नंतर बांधकाम अभियंत्याकडून वेगळी पाहणी करून घेतली. दोघांनीही जलरोधक थर पूर्ण काढून नवा घालावा असे सुचवले असेल, तर अभियंत्याने वास्तुविशारदाच्या निष्कर्षाशी ‘कन्कर’ केले, असे अवश्य लिहावे. त्या नोंदीसोबत दोन्ही अहवालांचे दिनांक लिहायला विसरू नये, म्हणजे दुसरी पाहणी स्वतंत्रपणे झाली होती हे पुढे लेखापरीक्षकालाही दिसेल.